पंधरा धागे

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर
साखर पेठेतल्या आमच्या दोन मागांवरून चादरी उतरल्या
आणि पांढरा ताणा चढला.
मोर नाही, कमळ नाही, काठसुद्धा नाही.
लढाई रेडिओवर यायला अजून महिना होता,
पण मालक म्हणाले, गॉज पाहिजे, होईल तेवढं.
नान्नाने सूत दोन बोटांत चोळून बघितलं
आणि काही बोलला नाही.

इंचाला आडवे पंधरा धागे. बस्स, पंधरा.
ज्या माणसाने वीस वर्षं
चादर उजेडासमोर धरली,
एक भोक दिसलं तरी आपणहून मजुरी कापून घेतली,
त्याला आता भोकंच विणायची होती.
पहिल्या दिवशी हात ऐकेना.
घट्ट उतरलं.
चेकर कुचन आला, भिंग लावून मोजलं,
म्हणाला, मलय्या, हे कापड झालं.
मला कापड नको.
हे रक्त प्यायला पाहिजे.

अम्मा कांड्या भरायची.
शेजारची यल्लव्वा उंबऱ्यात विड्या वळता वळता विचारायची,
आज किती झालं?
नान्ना मीटर सांगायचा.
एका मीटरात किती माणसं, हे तिने एकदाच विचारलं.
नान्नाने खटका ओढला.
माग सुरू झाला की आमच्या घरात
कुणालाच काही ऐकू येत नाही.

मग काळोखाचे दिवस आले.
खिडक्यांना विडी कारखान्यातला खाकी कागद.
बांगड्यांचा इलाही मनियार वॉर्डन झाला,
टॉर्चला पतंगाचा निळा कागद, गळ्यात शिट्टी.
बायांच्या मनगटावर काच अलगद चढवणारे हात
आता दारं बडवत फिरायचे:
मलय्या, फटीतून उजेड येतोय, वरून दिसेल!
वरून कोण बघणार होतं?
सोलापुरावरून तोवर घारींशिवाय काही गेलं नव्हतं.
तरी आम्ही दिवा मालवला.
माग अंधारात चालला.
विरळ विणायला अंधारच बरा, नान्ना म्हणाला,
बोटं बघत नाहीत.

एकदा फौजेची गाडी स्टेशनावर दोन तास थांबली.
यल्लव्वा एका दिवसाच्या मजुरीची
कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन गेली.
कुठल्या तरी डोंगरातला एक पोरगा
चटणी तोंडात घालताच रडायलाच लागला,
डबाभर माणसं हसली, मग तोही हसला.
यल्लव्वाने लढाई पाहिली ती एवढीच.
त्याची भाषा कोणती, हे ती मरेपर्यंत
येणाऱ्याजाणाऱ्याला आवाज काढून विचारत होती.

सोळा डिसेंबरला बोळात फटाके वाजले.
सतराला निरोप आला, ऑर्डर बंद.
दोन्ही मागांवर गॉज अर्धं.
नान्नाने ते कापलं नाही, शेवटपर्यंत विणलं,
फुकट.
मग पुन्हा चादर चढली, पुन्हा मोर आला,
आणि पहिल्याच चादरीत मोराच्या पायाशी
चार बोटं वीण विरळ निघाली.
मजुरी कापून घेऊन ती चादर त्याने घरी आणली.
ती माझ्याकडे आहे.
थंडीत वारा नेमका तिथूनच येतो.

पण मी पाडव्याचं सांगत होतो.
उरलेलं गॉज मालकांनी किलोवर विकलं
आणि त्या पाडव्याला अख्ख्या पेठेने
चक्का त्याच कापडात टांगला.
अम्मानेही.
रात्रभर पातेल्यात थेंब, थेंब.
पहाटे उठलो तर नान्ना खुंटीखाली उभा,
ओल्या कापडावर नख टेकवून मोजत होता.
पंधरा, म्हणाला. बरोबर विणलंय.
दुपारी ताटातलं श्रीखंड
त्याने माझ्याकडे सरकवलं
आणि सणाच्या दिवशी
मागावर जाऊन बसला.